गोसाँग : एक नाव, दोन कारभार

श्रोतेहो, नमस्कार. कोरियाची फाळणी म्हटली की शाळेत शिकलेली अडतिसावी अक्षांशरेषा आठवते. पूर्व किनाऱ्यावरच्या गोसाँग परगण्यात मात्र त्या रेषेवर विसंबून चालत नाही. तिथली आजची सरहद्द अडतिसाव्या रेषेच्या साठ किलोमीटरांहून अधिक उत्तरेला आहे.

१९४५ मध्ये अडतिसाव्या रेषेवर वाटणी झाली, तेव्हा गोसाँग सगळाच्या सगळा उत्तरेच्या अमलाखाली गेला. पुढे युद्ध झालं आणि २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. त्या वेळी सैन्य जिथे उभं होतं, तिथेच लष्करी सीमारेषा आखली गेली. तिने ना डोंगर पाहिला, ना जुनी शीव. या रेषेवरच्या खुणांना पश्चिमेकडून क्रमांक दिले आहेत आणि शेवटची, १२९२ क्रमांकाची खूण याच परगण्याच्या किनाऱ्यावर येते. रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर निर्लष्करी पट्टा आहे. याच युद्धविरामानंतर कैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. त्यांचं काम मात्र पश्चिमेला, पानमुनजॉमच्या बाजूला चाललं होतं.

म्हणजे आज दक्षिणेत असलेल्या या गावांनी आधी काही वर्षं उत्तरेची राजवट पाहिली आहे. ह्वाजिनपो या खाजणाकाठच्या टेकडीवर एक दगडी बंगला आहे. १९४८ च्या सुमारास उत्तरेचे नेते किम इल-सुंग यांचं कुटुंब तिथे उन्हाळ्यात राहायचं. त्याच परिसरात दक्षिणेचे पहिले अध्यक्ष सिंगमन री यांचाही बंगला आहे. आज दोन्ही बंगले पाहायला खुले आहेत.

आता कारभाराकडे येऊ. परगण्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं गोसाँग उत्तरेत राहिलं. उत्तरेनेही मुख्य ठाणं तिथून हलवून जांगजॉन बंदरात नेलं. दक्षिणेने परगण्याचं नाव तेच ठेवलं आणि कचेरी गान्साँगला थाटली. प्रांताचं नावही दोन्हीकडे एकच, गांगवॉन. दक्षिणेच्या प्रांताची राजधानी चुन्चॉन, तर उत्तरेच्या प्रांताची वॉनसान. युद्धानंतर दक्षिणेकडच्या भागावर आधी लष्करी प्रशासन होतं. १९५४ च्या नोव्हेंबरात मुलकी कारभार सुरू झाला. १९६३ मध्ये यांगयांग परगण्यातून चुगवांग आणि तोसाँग हे विभाग जोडले गेले, तेव्हा या अर्ध्या परगण्याला आजचा आकार आला. आता तिथे गान्साँग आणि गॉजिन ही दोन शहरी आणि चार ग्रामीण उपविभाग आहेत. क्षेत्रफळ साधारण ६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं. चार ग्रामीण विभागांपैकी सुदोंग नकाशावर आहे, कागदोपत्रीही आहे, पण तिथे वस्ती नाही; तो मुलूख लष्कराच्या ताब्यात आहे. सीमेलगत नागरी नियंत्रण रेषा आहे. तिच्या पलीकडे शेत असेल तर परवाना दाखवून जावं लागतं. अलीकडच्या संरक्षित पट्ट्यातही घर बांधायचं तर परगण्याची कचेरी आधी लष्कराचं मत मागवते. निवडून आलेला परगणाप्रमुख असूनही जमिनीबाबतचा शेवटचा शब्द बऱ्याचदा त्याचा नसतो, हे तिथल्या लोकांचं खरं दुखणं आहे.

समुद्रावरही तोच हिशेब. चॉदो हे पूर्व समुद्रातलं दक्षिणेचं सर्वांत उत्तरेकडचं मासेमारी क्षेत्र. ते एप्रिल ते डिसेंबर खुलं असतं. पहाटे बोटी ठरलेल्या ओळीवर येऊन थांबतात. तटरक्षक दल एकेका बोटीची हजेरी घेतं आणि इशारा मिळाला की सगळ्या एकदम सुटतात, कारण आधी पोचेल त्याला चांगली जागा. तिथे ऑक्टोपस भरपूर मिळतो. उत्तरेची हद्द इतकी जवळ आहे की धुक्यात भरकटलेली बोट पलीकडे जाऊ शकते, म्हणून गस्तीनौका सतत बाजूला असतात. गॉजिन बंदर एकेकाळी ज्या म्यॉन्गते माशावर उभं राहिलं, तो मात्र जवळजवळ संपला. २०१९ पासून तो पकडायलाच बंदी आहे.

पश्चिमेला तेबॅक डोंगररांग, पूर्वेला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी. वसंतात डोंगर उतरून येणारा वारा कोरडा, गरम आणि वेगवान होतो. ४ एप्रिल २०१९ रोजी तोसाँगमध्ये विजेच्या तारेची ठिणगी पडली आणि वाऱ्याने ती आग एका रात्रीत सोक्चो शहरापर्यंत नेली.

उत्तरेकडे जाणारा ७ क्रमांकाचा महामार्ग बंदच आहे. या वाटेने २००३ पासून उत्तरेतल्या कुमगांग पर्वताच्या सहली जात होत्या. जुलै २००८ मध्ये उत्तरेच्या सैनिकाच्या गोळीने एक पर्यटक दगावली, सहली थांबल्या आणि रस्त्याकडेची खाणावळी-दुकानं ओस पडली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तरेने आपल्या बाजूचा रस्ताच स्फोटाने उडवला.

कोणाला तिथे जायचं असेल तर उत्तरेचा मुलूख जिथून पाहतात त्या एकीकरण निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जाता येतं. आधी सुरक्षा उद्यानात पासपोर्ट दाखवून नोंद करायची, सूचनांची चित्रफीत पाहायची, मग गाडीनेच नाक्यातून पुढे जायचं. पायी, सायकलने किंवा मोटारसायकलने सोडत नाहीत. सोलहून बसचं तिकीट काढताना गान्साँग, गॉजिन किंवा देजिन असं मागा. नुसतं गोसाँग म्हणालात तर दक्षिण किनाऱ्यावर याच नावाचा दुसरा परगणा आहे, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला उतराल.