पहिली चांगली इलेक्ट्रिक गिटार: जुनी घडण घ्यावी की सुधारलेली?

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण काही वर्षं साध्या गिटारवर वाजवत आलेत आणि आता पैसे साठवून पहिली खरोखर चांगली इलेक्ट्रिक गिटार घ्यायच्या विचारात आहेत. त्यातल्या बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं असतं. १९५०च्या दशकातल्या घडणीबरहुकूम बनवलेली घ्यावी, की नव्या सोयी असलेली? मी उदाहरणाला फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतो, कारण या कंपनीने अलीकडे दोन्ही वाटा धरल्या. २०१९ची अमेरिकन अल्ट्रा नव्या सोयींनी भरलेली, तर २०२२ची अमेरिकन व्हिंटेज टू जुन्या मापांना चिकटून.

आधी ‘मूळ’ गिटारविषयी बोलू, कारण सगळे वाद तिच्या नावाने होतात. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. तिच्यामागचे लिओ फेंडर कॅलिफोर्नियात, फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करत असत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, म्हणून ते वादकांना विचारत राहिले. त्यांच्याच आधीच्या टेलिकास्टर गिटारच्या चौकोनी कडा बरगड्यांत रुततात, अशी वादकांची तक्रार होती, म्हणून नव्या गिटारची पाठ कोरून घेतली. नेक, म्हणजे बोटं ठेवायचा लांब दांडा, चिकटवण्याऐवजी टेलिकास्टरसारखाच स्क्रूने बसवला, म्हणजे खराब झाला तर सरळ बदलता येईल. ज्या गिटारला आज आपण परंपरा म्हणून जपतो, ती त्या काळातली सगळ्यात आधुनिक वस्तू होती.

आता तिच्या एका बदलाकडे बारकाईने बघा. तीन पिकअप (तारांचं कंपन विजेच्या रूपात पकडणारी चुंबकं) आणि तीन जागांचा स्विच, म्हणजे एका वेळी एकच पिकअप वाजणार, असा हिशेब होता. पण वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या मधोमध अलगद अडकवून ठेवला, तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक पोकळ, चमकदार आवाज येतो. कार्यक्रमात हात लागून स्विच घसरला की तो आवाज गेलाच. तरीही लोक वर्षानुवर्षं तो तसाच अडकवत राहिले. शेवटी १९७७च्या सुमारास कंपनीने पाच जागांचा स्विच बसवायला सुरुवात केली. आज जुन्या घडणीचा कट्टर चाहतासुद्धा पाच जागांचाच स्विच मागतो.

याच्या अगदी उलट गोष्ट फेंडरच्या प्रतिस्पर्धी कंपनीची, गिब्सनची. २०१५ साली कंपनीने आपल्या बहुतेक अमेरिकन गिटारवर बॅटरीवर चालणारे, आपोआप सूर लावणारे ट्यूनर बसवले, नेक रुंद केला, वर-खाली करता येणारा पितळी नट (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती पट्टी) दिला. वादकांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. नाराजी एवढी झाली की पुढच्याच वर्षी पारंपरिक आणि आधुनिक अशा दोन वेगळ्या मालिका काढाव्या लागल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. बदल नवा की जुना, हे विचारू नका. तो कुणाच्या हाताच्या अडचणीतून आला, आणि ती अडचण तुम्हाला कधी आली आहे का, हे विचारा.

फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या, गोलाईचं घ्या. जुन्या स्ट्रॅटची (स्ट्रॅटोकास्टरची) गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे पट्टी बरीच फुगीर. कॉर्ड धरायला ती फार सुखाची. पण पहिल्या तारेवर बाराव्या-पंधराव्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, दाबून तार मधल्या बाजूला ओढलीत, आपण मींड घेतो तशी, तर तार त्या फुगवट्यावर चढते आणि पुढच्या फ्रेटला टेकून स्वर मरतो. तारा वर उचलून घेतल्या तर हे टळतं, पण मग डाव्या हाताला कष्ट. म्हणून बऱ्याच आधुनिक स्ट्रॅट ९.५ इंचांच्या असतात आणि अल्ट्रावर १० पासून १४ इंचांपर्यंत सपाट होत जाणारी गोलाई आहे. तुम्ही मुख्यतः रिदम वाजवत असाल, तर सव्वासात इंच आनंदाने घ्या. असे तार ओढून घेतलेले मोठे बेंड हे तुमचं बोलणं असेल, तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट मला इथल्या हवेमुळे फार महत्त्वाची वाटते. जून-जुलैत मुंबईत किंवा कोकणात लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो. तो सरळ करायचा तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, फिरवायचा. जुन्या घडणीत त्याचं टोक नेकच्या बुडाशी, बॉडीत लपलेलं असतं. म्हणजे तारा सैल करा, स्क्रू ढिले करा, नेक उचला, अंदाजाने थोडं फिरवा, परत बसवा आणि चुकलं तर पुन्हा तेच. बहुतेक आधुनिक गिटारमध्ये ते टोक हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या बाजूला, असतं. एक चावी घालायची, जरासं फिरवायचं, झालं. याने आवाजात काही फरक पडतो असं मला कधी जाणवलेलं नाही. वर्षातून दोनदा हवा बदलणाऱ्या प्रदेशात मी तरी ही सोय सोडणार नाही.

लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या खुंट्या), दोन टेकूंवर झुलणारा ट्रेमोलो (दांड्याने स्वर हलवायची सोय), बाविसावा फ्रेट: असले तर उत्तम, त्यांच्यावर गिटार निवडू नका.

घरघर मात्र वेगळा विषय आहे. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतो. अ‍ॅम्पचा गेन (आवाज तापवणारं बटण) वाढवला, जवळ दिव्याचा डिमर असला, की ती नकोशी होते. त्यावर नॉइजलेस पिकअप हा उपाय आहे आणि आजचे खूप चांगलेही झालेत. तरी माझ्या कानाला साध्या कॉइलची वरची धार जास्त मोकळी वाटते. आणखी एक गोष्ट आहे. हल्ली बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, दोन पिकअप एकदम वाजताना, गुणगुण आपोआप विरते. आधी घरी, तुमच्या खोलीत, तुमच्याच अ‍ॅम्पवर ती किती त्रास देते ते बघा. पिकअप नंतर बदलता येतात. नेकची गोलाई आणि जाडी बदलायची तर अख्खा नेकच बदलावा लागतो, म्हणून पहिला पैसा नेकवर लावा.

दुकानात गेल्यावर, मुंबईतल्या धोबीतलावच्या गजबजाटातही, आधी गिटार अ‍ॅम्पला न लावता वाजवा. लाकूड आणि तारा नीट घुमतायत का, ते तेव्हाच कळतं. मग पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटपासून पंधराव्यापर्यंत दीड स्वराचा बेंड घ्या आणि चार मात्रा धरून ठेवा. स्वर मधेच विझला, तर तारांची उंची आधी तपासायला सांगा आणि तुमच्यासमोर सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक यांची जुळणी) करून घ्या. सेटअपनंतरही विझला, तर दुसरी मागा. आणि खर्चाच्या हिशेबात पहिल्या पावसाळ्यानंतरच्या सेटअपचे पैसे आजच बाजूला काढून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.