अंजिराच्या झाडाखालचा नथनेल

हे अंजिराचं झाड नीट बघा. फांद्या खालपासूनच आडव्या पसरलेल्या, पानं पंजाएवढी रुंद आणि वरून खरखरीत. देठ खुडला की पांढरा चीक येतो. गालीलच्या उन्हात अशा सावलीत बसलेला माणूस वाटेवरून सहजी दिसत नाही. पुढे येशूचा शिष्य झालेला नथनेल अशाच झाडाखाली होता.

त्याची गोष्ट म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या, पहिल्या अध्यायातली ४३ ते ५१ ही नऊच वचनं. येशूला फिलिप्प सापडतो. 'माझ्यामागे ये,' एवढंच येशू म्हणतो. मग फिलिप्पाला नथनेल सापडतो, आणि फिलिप्प त्याला येशूविषयी सांगतो, 'आम्हाला तो सापडलाय!' मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. फिलिप्पाला वाटतं, शोध आपण लावला. कोण कोणाला सापडला ते योहानाने दोनच वचनं आधी लिहून ठेवलंय. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, निवडायचा तो सहसा शिष्याने. इथे गुरूच शिष्याला शोधत आलाय.

नथनेल काना गावचा, येशूच्या नासरेथ गावापासून काही किलोमीटरवरचा. 'नासरेथातून काही चांगलं निघेल का?' हा त्याचा प्रश्न आपण शेजारगावाची कुचेष्टा म्हणून सोडून देतो. पण मोशेने आणि संदेष्ट्यांनी ज्याच्याविषयी लिहिलं तो नासरेथचा, असं फिलिप्प सांगतोय, आणि जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, नासरेथचं नाव एकदाही येत नाही. शंका अभ्यासू माणसाची आहे. फिलिप्प वाद घालत बसत नाही. 'येऊन पाहा,' म्हणतो.

येशू नथनेलाला निष्कपट इस्राएली म्हणतो. इस्राएल हे त्या लोकांचा पूर्वज याकोब याचं दुसरं नाव, आणि याकोबाने भावाचा आशीर्वाद कपटानेच मिळवला होता. मला कुठून ओळखता, असं नथनेल विचारतो. उत्तर मिळतं: फिलिप्पाने हाक मारण्याआधी, तू अंजिराखाली होतास तेव्हाच मी तुला पाहिलं. प्रवचनं इथेच घसरतात. तो तिथे प्रार्थना करत होता, शास्त्र वाचत होता, असं पदरचं घातलं जातं, आणि पाचारण, म्हणजे येशूचं बोलावणं, हे भक्तीचं बक्षीस होऊन बसतं. तो काय करत होता, याबद्दल योहान एक अक्षर लिहीत नाही.

जुन्या करारातलं स्तोत्र १३९ याच्यासोबत वाचा, पण चोवीसच्या चोवीस वचनं. 'तू मला पारखलंस, ओळखलंस' अशी सुरुवात होते. २३ व्या वचनात तीच दोन हिब्रू क्रियापदं विनवणी होऊन परततात: मला पारख, मला ओळख. १९ ते २२ ही द्वेषाने पेटलेली वचनं उपासनेत पुष्कळदा गाळली जातात. ती गाळली की विनवणी लटकी पडते. एवढा राग ओकून झाल्यावरच कवी देवाला म्हणतो, आता माझ्या आत बघ.

नथनेलाकडे परत येऊ. त्याला 'तू' म्हणणारा येशू ५१ व्या वचनात 'तुम्ही' म्हणतो. मराठी कानाला तो आदरार्थ वाटेल, पण मुळात ते अनेकवचन आहे. याकोबाने बेथेलला स्वप्नात पाहिलेले ते चढणारे-उतरणारे देवदूत, ते उघडलेलं आकाश पाहण्याचं अभिवचन एकट्या नथनेलाला नाही.