राजा माणूस आणि श्रावणातला तिसरा दिवस

मंडळी, पुण्याच्या प्रत्येक पेठेत असा एक माणूस असतो. मांडवाचे बांबू उभे करण्यापासून विसर्जनापर्यंत हजर, कुणाकडे मयत झालं तर वैकुंठात धावपळ करायला सगळ्यांच्या आधी, गल्लीतल्या पोरांना टोपणनावानं हाक मारणारा. आणि रोज पिणारा. तो गेला की कट्ट्यावर हमखास म्हणतात, "माणूस राजा होता, पण दारूनं खाल्ला." (हे त्याच्या बायकोसमोर म्हणून बघा.) पण कधीकधी अशा माणसाला पिणं नव्हे, एकाएकी थांबणं मारतं. आणि थांबवणारे आपणच असतो.

आधी "पचवतो" या कौतुकाचं बघू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनानं साधारण ६० ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम जाळतं, मुरलेल्या पिणाऱ्याचं थोडं जास्त. दोन क्वार्टर पिऊन रात्री अकराला झोपलेला माणूस सकाळी नऊला अमृततुल्यात हसत उभा असतो, तेव्हाही दारू अंगात असते. तो झोकांड्या खात नाही याचा अर्थ यकृत शाबूत आहे असा नाही. मेंदूला सवय झालीय, इतकंच.

दारू मेंदूला मंदावते. ती रोज मिळू लागली की मेंदू भरपाई म्हणून स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की नुसती उत्तेजना उरते. आता गटारी आठवा. अमावास्येला मनसोक्त प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा. शेवटच्या पेगनंतर सहा ते आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान खरा धोका: माणूस घरच्यांना ओळखत नाही, चादर चिवडतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. जुनी माणसं म्हणायची, वात झाला. काही घरांत अजून अंगारा लावतात. उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. श्रावण सोडा, पाय मोडून हॉस्पिटलात पडलेल्या माणसाचंही तिसऱ्या दिवशी हेच होतं, कारण भरती करताना "कधीतरी घेतात" असं सांगितलेलं असतं.

दुसरी चूक सलाइनची. अशक्तपणा आला की ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची आपल्याकडे हौस आहे. या माणसाचं जेवण तुटलेलं, शरीरात थायमिन म्हणजे बी-१ जवळपास संपलेलं. ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं, आणि नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं. मग डोळे तिरळे होतात, तोल जातो, भान सुटतं. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबर हवं. हा आजार कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरनं १८८१ मध्ये नोंदवला. त्यातून वाचलेल्या काहींची नवी स्मृती बनेनाशी होते आणि मधल्या फटी ते नकळत रचलेल्या हकिगतींनी भरतात. कट्टा म्हणतो, "काय रंगवून सांगतो!" तो थापा मारत नसतो.

दारू सुटावी म्हणून चहात गुपचूप गोळी टाकण्याचा उद्योग तर नकोच. अशा गोळीत डायसल्फिरम असेल आणि वर तो प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

सोडायची तर भरती होऊन, किंवा निदान डॉक्टरांना विचारून. थरथर आणि फिट आवरायची औषधं आहेत, ती काही दिवसांत कमी करत बंद करतात. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यातच आहे. फोनवर विचारायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

डॉक्टरांकडे नेताना लाज गुंडाळून चार गोष्टी खऱ्या सांगा: रोज किती, शेवटचा घोट किती वाजता, पूर्वी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. बायकोला बाहेर थांबवू नका. किती ते तिलाच ठाऊक असतं.