औषध मारल्यानंतरचे दिवस

नमस्कार श्रोते हो. मी कडोलीच्या शिवारात बटाटा, फ्लॉवर, कोबी करणारी शेतकरी बाई. पाठीला पंप लावलेला माणूस बांधावर दिसला की आमच्याकडे विचारतात, "औषध मारायलास काय?" विष असं कुणी म्हणत नाही. आणि ते सगळंच खोटं आहे असंही नाही.

पावसाळी बटाट्याचं बघा. आठवडाभर ऊन नाही, झिमझिम सुरूच, की पानाच्या कडेला भिजल्यासारखा काळपट डाग पडतो. पान उलटलं की डागाच्या काठानं पांढरी बुरशी. हा करपा. थोड्याच दिवसांत हिरवं रान काळं होतं, कुजका वास सुटतो. 1845 पासून ह्याच करप्यानं आयर्लंडचा बटाटा गेला आणि सुमारे 10 लाख माणसं भुकेनं, रोगराईनं मेली. तेव्हा मारायला काहीच नव्हतं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण त्यानंतर 40 वर्षांनी आलं. युरियाचंही तेच. 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र असतं. तेवढं शेणखतातून द्यायचं तर चार टन तरी खत लागेल. एवढी जनावरं आता कुणाच्या गोठ्यात राहिलीत? म्हणून रसायन म्हणजे पापच, हे मला पटत नाही.

पण औषध म्हटलं की मात्रा आली, पथ्य आलं. तिथं आम्ही चुकतो.

माझ्या धाकट्या दिरांनी एकदा उलट्या वाऱ्यात, उघड्या हातांनी फवारणी केली. बाटलीच्या टोपणानं अंदाजे माप, काठीऐवजी हातानंच ढवळलेलं. दुपारी घरी आले ते घामानं चिंब, तोंडातून लाळ, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. डॉक्टरांनी ॲट्रोपिन दिलं म्हणून वाचले. बाटलीवर लाल त्रिकोण होता. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानदारानं सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. मोनोक्रोटोफॉस हे कीडनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे, हेही मला फार उशिरा कळलं.

आता जे बोलायला आले ते. बाटलीसोबत घडी घातलेला कागद असतो. फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. कुठल्या औषधाला 3 दिवस, कुठल्याला 7, कुठल्याला त्याहून जास्त. तेवढ्या दिवसांत ऊन, पाऊस आणि झाड स्वतः त्या औषधाचा जोर कमी करतात. पण संध्याकाळी फोन येतो, दर चढलाय, रात्रीचा टेम्पो गोव्याला निघणार आहे. कालच फवारलेला फ्लॉवर मग विळ्याखाली येतो. घेणारी बाई घरी जाऊन मिठाच्या पाण्यात गड्डा बुडवते. वरवर बसलेलं थोडंफार निघतं. जे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं आहे, ते धुऊन कसं निघेल?

आणि आमच्या रानात, बऱ्याच जणांच्या रानात, विहिरीजवळ एक सरी वेगळी असते. घरची सरी. तिच्यावर पंप फिरत नाही. पानाला भोकं पडली तरी चालतात, कारण ते पोरांच्या ताटात जायचं असतं. ही सरी मीही वर्षानुवर्षं राखली. एकदा मुलीनं विचारलं, "आई, ह्या सरीतलं बाजारात का न्हाई नेत?" मला उत्तर देता आलं नाही.

ह्या हंगामात ती सरी मी मोडली. आता सगळं एकच रान, आम्हीही त्यातलंच खातो. पहिल्यांदा निंबोळी अर्क आणि मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे. अळी आवरेनाशी झाली तरच बाटली, मापानं, आणि फवारणीची तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. गेल्या आठवड्यात चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. कागदावर 7 दिवस होते. दर चांगला होता, मन हललं, पण नाही म्हटलं. सातव्या दिवशी दर उतरला होता. माल काढला, टेम्पोत भरला, आणि त्यातलाच एक गड्डा उचलून घरी आणला.