पुन्हा कोण आलं?

(पुण्यात वाचनालयांचे कार्यकर्ते, शिक्षक आणि साहित्यसंस्थांचे पदाधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार. एवढ्या पावसात आलात, त्यातही निम्मे जण दुचाकीवरून, म्हणून आधी मनापासून आभार. येताना दारातल्या वहीत तुम्ही सह्या केल्यात. मला आज त्या वहीबद्दलच बोलायचं आहे.

पत्रिकेत विषय छापलाय तो असा : अनुदानातून चालणाऱ्या काव्य आणि साहित्य उपक्रमांचं यश कसं मोजावं. चाळीस मिनिटं मिळाली आहेत. अर्ध्या वेळात अडचण सांगतो, अर्ध्यात उपाय.

हिशेब मागणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी पैसा करदात्यांचा असतो. कंपनीच्या पैशामागे २०१३ चा कंपनी कायदा आहे. त्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती आहे, सार्वजनिक वाचनालयंही आहेत. २०२१ पासून त्यातल्या मोठ्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून जास्त रकमेच्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या नियमात एक बारकी अट आहे. तपासणी करायची ती प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. हे एक वर्ष लक्षात राहू द्या.

आपला घोटाळा उपयोगिता प्रमाणपत्रापाशी होतो. सीएची सही झाली, शिक्का पडला, की कार्यकारिणीत पेढे वाटतात. ते प्रमाणपत्र एवढंच सांगतं, की पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामावर गेला. सभागृहाचं भाडं, मानधन, प्रवास, चहा. ऐकणाऱ्याच्या मनात काही हललं का, हे त्यात नसतं आणि असायचं कारणही नाही. हिशेब वेगळा आणि मोजमाप वेगळं. दोन्हींसाठी एकच कागद वापरायची सवय आपल्याला लागली आहे, आणि तिने फार नुकसान केलं आहे.

कसं, ते सांगतो.

साधारण सात वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी भोर तालुक्यातल्या बारा जिल्हा परिषद शाळांत कवितेचा उपक्रम घेतला. दोन वर्षांचा. महिन्यातून दोनदा जायचं, मुलांना कविता वाचून दाखवायच्या, गप्पा मारायच्या, ज्याला वाटेल त्याने लिहायचं. पैसे एका देणगीदार संस्थेचे होते. माणसं सज्जन, पैसे वेळेवर. अर्ज मात्र ऑनलाइन होता आणि त्यात 'अपेक्षित निष्पत्ती' असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. शाळेमागे पन्नास मुलं धरून आम्ही आकडा टाकला ६००. सहाशे कविता. त्यावर तिकडून सूचना आली, की कविता म्हणजे काय तेही ठरवून द्या, नाहीतर कोणी दोन ओळी खरडेल आणि मोजायला लावेल. मग ठरलं, किमान आठ ओळी.

दीड वर्ष फार सुंदर गेलं. मुलं ऐकायला लागली होती, आणि माझ्या मते ऐकणं हीच कवितेची पहिली इयत्ता. पण तिमाही अहवालात आमचा आकडा २१० वर अडकला आणि तो चौकोन लाल दिसायला लागला. फोन सुरू झाले. शेवटी शिक्षकांनी मुलांना वर्गात बसवून कविता लिहून घेतल्या. मी त्यांना दोष देत नाही. मतदारयाद्यांपासून पोषण आहारापर्यंत सगळं आधीच त्यांच्या डोक्यावर होतं, त्यात हे एक. मार्चमध्ये गठ्ठे आले. सुतळीने बांधलेले, वर शाळेचं नाव. एका रविवारी जमिनीवर पसरून मी सगळे वाचले. माझी शाळा. पाऊस आला. झाडे लावा, झाडे जगवा. एका शाळेत चौतीस मुलांची पहिली ओळ अक्षर न् अक्षर तीच होती, कारण ती फळ्यावर लिहून दिलेली होती. एकूण भरल्या ६१२. चौकोन हिरवा झाला.

त्या गठ्ठ्यांबरोबर एका बाईंनी वेगळं पाकीट पाठवलं होतं. पाकिटावर लिहिलं होतं, 'सर, हे नियमात बसत नाही, पण टाकवत नाही.' आत दुरेघी वहीचं अर्धं पान. सातवीतल्या मुलाने पेन्सिलने लिहिलं होतं :

रात्री एकला लाईट येते.
बाबा मोटर चालू करायला जातात, मी बॅटरी धरतो.
पाणी दिसत नाही, ऐकू येतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना रात्रपाळीची थ्री-फेज वीज समजावून सांगायला नको. दिवसा वीज नाही म्हणून मध्यरात्री भिजवायला जाणारा बाप, आणि त्याच्या मागे बॅटरी धरून झोपेत चालणारा मुलगा. अंधारात दारं धरली आहेत, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवणं चाललंय, आणि ते कुठवर पोचलं हे कानांनी कळतं. हे त्या मुलाने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. या ओळीत एकही विशेषण नाही, हेही बघा. आठवडाभर ते पान मी खिशात घेऊन फिरत होतो.

ओळी भरल्या तीन आणि नियम होता आठचा. त्यामुळे ६१२ मध्ये ती कविता नाही.

मंडळी, ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची आहे. ज्ञानेश्वरीत अशा नऊ हजारांवर ओव्या आहेत, आणि त्यातली एकही आमच्या त्या रकान्यातून पुढे सरकली नसती. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, त्याच्याही ओळी तीनच. हसताय तुम्ही, हसा, पण याचा मला आजही राग येतो. त्या मुलाला 'तुझी कविता धरली' एवढं सांगायचा अधिकारसुद्धा आमच्याकडे राहिला नाही.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना जे निरीक्षण मांडलं, ते पुढे त्याच्याच नावाने ओळखलं गेलं. त्याचा मथितार्थ असा, की एखादं माप हेच लक्ष्य झालं, की ते माप म्हणून निकामी होतं. तो बोलत होता बँकांबद्दल, आणि आम्ही ते भोरच्या शाळांत करून दाखवलं. 'उद्दिष्ट, निष्पत्ती, निर्देशक' हा तक्ता तुम्ही सगळ्यांनी भरला असेल. तो लॉगफ्रेम १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झाला, परदेशी मदतीचे विकासप्रकल्प डोळ्यांसमोर ठेवून. कालव्यासाठी तो ठीक आहे. किती किलोमीटर खोदला, किती हेक्टर भिजलं, हे मोजता येतं. कवितेत खोदलेलं आणि भिजलेलं एकाच वर्षात दिसत नाही.

याच पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं. मोजके कवी रविवारी जमायचे, चहा व्हायचा, एकमेकांच्या कविता ऐकायचे. साहित्य परिषदेचं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, त्यातलेच. त्या बैठकांची हजेरी मांडली तर एका रिक्षात मावेल एवढी, नाहीतर दोन रिक्षांत. पण कविता म्हणून दाखवायची, लोकांनी ती ऐकायला जमायचं, ही सवय महाराष्ट्रभर पसरली ती त्यांच्या काव्यगायनातून. पहिल्या वर्षाअखेर त्यांच्याकडे कोणी लाभार्थींचा आकडा मागितला असता तर काय सांगितलं असतं त्यांनी?

दुसरं उदाहरण तर आपल्या हयातीतलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांपासून पुढे एक हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात त्यातल्या कित्येकींचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. दोघंही आज नाहीत. आणि २०१७ पासून त्या ओव्या पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, कोणालाही वाचता-ऐकता येतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीने तिथे आपल्या आजीच्या गावचा आवाज ऐकला आणि ती दळणाचं जातं बघायला गावी गेली. या कामाचा अंतिम अहवाल १९९९ मध्ये लिहायला बसलं असतं, तर ही मुलगी त्यात कुठून आली असती? तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

(इथे आयोजकांची चिठ्ठी आली.)

दहा मिनिटं उरली म्हणतात. बरं, मग उपाय भराभर सांगतो, लिहून घ्या.

मुख्य म्हणजे, पहिल्या दिवशी किती आले हे मोजणं सोडा. पुन्हा कोण आलं ते मोजा. न बोलावता, प्रमाणपत्राशिवाय, बसने आणून न बसवता. काव्यवाचनाला एनएसएसची शंभर मुलं आणली, जिओटॅग फोटो काढला, तर तुम्ही खुर्च्या मोजल्यात. त्यातली तीन मुलं पुढच्या महिन्यात स्वतःहून आली असतील, तर तीन हाच तुमचा आकडा, आणि तो मान ताठ ठेवून लिहा. दारातली ही वही त्यासाठी उत्तम आहे. फक्त नावापुढे एक रकाना वाढवा : 'याआधी कधी आला होतात?'

सुरू करण्यापूर्वीची स्थिती नोंदवा. वाचनालयवाल्यांकडे हे साधन आयतं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालची आपली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं पुस्तकं आणि सभासद मोजतातच. पण देवघेवीची नोंदवही आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोणी वाचत नाही. कवितेच्या कपाटातल्या वीस पुस्तकांच्या चिठ्ठ्या उपक्रमाच्या आधी बघा आणि नंतर वर्षाने बघा. खर्च शून्य.

लिखाण मोजू नका, वाचा. एकाच मुलाचं पहिलं आणि शेवटचं पान, नावं आणि तारखा झाकून, दोन बाहेरच्या कवींना द्या आणि विचारा, यातलं नंतरचं कुठलं? त्यांना ओळखता आलं तर काहीतरी घडलं आहे. त्यांनी कारण दोन वाक्यांत लिहावं आणि ती वाक्यं अहवालात जशीच्या तशी जावीत.

श्रेय घेताना जपून. अमेरिकेत नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पाहणीत वर्षभरात कविता वाचणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१२ मध्ये ६.७ टक्के होतं, ते २०१७ मध्ये ११.७ टक्के झालं. केवढी झेप! पण ती अमुक अनुदानामुळे असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. मधल्या काळात कविता मोबाइलवरही आली होती. आपणही 'आमच्यामुळे झालं' असं न लिहिता 'यात आमचा हात इतका होता' असं लिहावं. आणि काय फसलं याचा रकाना अनिवार्य करा. देणाऱ्या संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे, की तो रकाना प्रामाणिकपणे भरणाऱ्याचा पुढचा हप्ता अडवू नका.

शेवटचं, आणि मग खरंच थांबतो. त्या बारा शाळांत मी दोन वर्षांनी पुन्हा गेलो होतो, स्वतःच्या खर्चाने. नऊ शाळांत काहीही उरलं नव्हतं, हे सरळ सांगितलं पाहिजे. दोन शाळांत भित्तीपत्रक चालू होतं. उरलेल्या एका शाळेतल्या, म्हणजे त्या पाकीटवाल्या बाईंची बदली झाली होती आणि नव्या शाळेत त्यांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवटचा अर्धा तास कवितेला दिला होता. ती शाळा आमच्या यादीत नव्हतीच. उपक्रमातलं सगळ्यात मोठं यश असं यादीबाहेर घडलं होतं, आणि ते बघायला जायचं भाडं कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हतं.

म्हणून या वर्षीच्या अर्जात मी खर्चाच्या तक्त्यात 'पुनर्भेट, प्रकल्प संपल्यानंतर बारा महिन्यांनी' अशी ओळ टाकली. बसभाडं आणि आमच्यापैकी नसलेल्या एका व्यक्तीचं दोन दिवसांचं मानधन. छाननी समितीने विचारलं, काम संपल्यावर खर्च कसला? मी त्यांच्यापुढे कायद्याच्या नियमातलं ते एक वर्ष ठेवलं. म्हटलं, कोटीच्या प्रकल्पांना जो सबुरीचा नियम, तो आमच्या दोन लाखांना का नको? ओळ मंजूर झाली. पुढच्या वर्षी जुलैत जायचं आहे, आणि सोबत येणारा माणूस अजून ठरलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला जमणार असेल तर चहाच्या वेळी भेटा. स्वारगेटहून सकाळच्या एसटीने निघू.