किडनीचं बिल ऑपरेशनआधीच ठरतं

(दृश्य: स्टीलच्या भांड्यात बर्फाचा चुरा, त्यात किडनी)

बर्फात ठेवलेली ही किडनी आत्ता फिकट दिसते. तिच्यातलं रक्त काढून, चार अंशांचं थंड द्रावण सोडून ती आतून धुतली आहे. शेजारच्या टेबलावर पेशंटच्या ओटीपोटात उजव्या बाजूला तिची जागा तयार आहे. जुन्या दोन्ही किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागच्या जागी राहतात. शीर जोडून झाली, धमनीही जोडली. आता चिमटे सुटतायत.

(दृश्य: किडनीत रंग भरतो. पाच सेकंद निवेदन नाही)

जिवंत दात्याची किडनी असेल तर मूत्रवाहिनीच्या टोकाशी पुष्कळदा काही मिनिटांतच लघवीचे थेंब दिसतात. मग ती मूत्राशयाला जोडतात आणि आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ही नळी काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढावी लागते. तिचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हे आजच विचारून ठेवा.

ठाण्यात करा, वाशीला करा की बेलापूरला, टेबलावर घडतं ते हेच. तरीही एकाच आठवड्यात घरी गेलेल्या दोघांच्या बिलांत लाखांचा फरक असतो. त्यातला बराचसा या खोलीत यायच्या आधीच पडलेला असतो.

(दृश्य: लॅब, रक्ताच्या नळ्या)

इथून सुरुवात होते. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि पेशंटचं सीरम एकत्र आणून क्रॉसमॅच करतात. पेशंटच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतील तर पेशी मरतात, आणि त्या दात्याची किडनी सरळ बसवता येत नाही. गर्भारपण, आधीचं प्रत्यारोपण आणि चढवलेलं रक्त, ही प्रतिपिंडं तयार होण्याची तीन मोठी कारणं. म्हणून ज्याला किडनी बसवायची आहे त्याचं हिमोग्लोबिन उतरलं की लगेच रक्ताची बाटली लावू नये. शक्य तिथे एरिथ्रोपोएटिन आणि लोहाची इंजेक्शनं देऊन ते वर आणावं. डायलिसिसच्या खुर्चीवर घाईत चढवलेली बाटली पुढे फार महागात पडते.

रक्तगटच जुळत नसेल तरी आता किडनी बसते. पण आधी रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध, मग प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं यंत्राने काढणं. प्रत्येक बैठकीनंतर टायटर, म्हणजे उरलेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, मोजायचं आणि ते ठरलेल्या पातळीखाली उतरेपर्यंत पुढची बैठक. कुणाचं तीन बैठकांत उतरतं, कुणाला त्याहून जास्त लागतात. नेमका आकडा आधी कुणालाच सांगता येत नाही. बिल फुगतं ते इथे. अशा जोडप्याने त्याआधी स्वॅपची चौकशी जरूर करावी. याची पत्नी त्याला आणि त्याची पत्नी याला किडनी देते. 2011 च्या कायदादुरुस्तीने याला मान्यता आहे.

(दृश्य: फ्रिजमधून काढलेली कुपी, जवळून)

ही कुपी एटीजीची, म्हणजे अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिनची. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून सुरुवातीलाच देतात. एका कुपीत 25 मिलिग्रॅम. डोस वजनावर, साधारण किलोमागे एक ते दीड मिलिग्रॅम. पेशंट पन्नास किलोचा असेल तर एका डोसला दोन ते तीन कुप्या, ऐंशी किलोचा असेल तर चार ते पाच. धोका कमी असलेल्याला याऐवजी बॅसिलिक्सिमॅब चालतं, मोठ्या माणसाला 20 मिलिग्रॅमचे दोनच डोस, वजनाचा हिशेब नाही. अनेक एस्टिमेटमध्ये या औषधाबद्दल एकच ओळ असते: ‘औषधे वेगळी’. त्या ओळीपुढे औषधाचं नाव आणि कुप्यांची संख्या लिहून मागा. तो पेशंटचा हक्क आहे.

(दृश्य: बिलिंग काउंटर)

खोली बदलली की फक्त खोलीचं भाडं बदलत नाही. पुष्कळ खासगी रुग्णालयांत सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचे (ओटी) दरही खोलीच्या वर्गावर ठरतात. त्यात विम्याची मर्यादा रोज 5,000 असताना 10,000 ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि ओटीचा खर्चही निम्माच मिळतो. दात्याचं ऑपरेशन कव्हर असलं तरी त्याच्या आधीच्या तपासण्या बऱ्याचदा नसतात. आणि तपासायचं दोघांनाही असतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये 2.5 लाखांवरून 4.5 लाख केली. मात्र योजनेत असलेलं प्रत्येक रुग्णालय याच शस्त्रक्रियेसाठी असेलच असं नाही, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, पहिल्याच दिवशी भेटा. धर्मादाय रुग्णालय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हातात हवा.

(दृश्य: कागदपत्रांची फाइल)

प्रत्यारोपणाच्या परवानगीची फाइल अडते ती नावात. बहीण दाता, आधारवर सासरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. रक्ताचं नातं सिद्ध होईपर्यंत आठवड्याला तीन डायलिसिस सुरूच राहतात.

मृत दात्याकडून किडनी मिळाली तर दात्याच्या ऑपरेशनचा विषय वेगळा. पण झेडटीसीसीकडून, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीकडून, निरोप येतो तो कधीही, आणि एका किडनीसाठी एकाहून जास्त पेशंटना बोलावून ठेवतात. क्रॉसमॅच करून घरी परतणाऱ्याचाही खर्च होतो. अशी किडनी कधी कधी उशिरा काम सुरू करते. तोवर डायलिसिस आणि रुग्णालयातले वाढीव दिवस.

(दृश्य: नेरूळ, भाड्याची खोली, खिडकीत गोळ्यांचा डबा)

शहापूर, मुरबाडहून आलेले पेशंट सुरुवातीचे काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेतात, कारण आधी आठवड्यातून दोनदा तपासणी असते. हे भाडं कुठल्याच बिलात दिसत नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, शरीराने किडनी नाकारू नये म्हणूनच्या या गोळ्या किडनी चालेल तोवर घ्यायच्या. टॅक्रोलिमसची कंपनी परस्पर बदलायची नाही. पैशांअभावी डोस चुकले तर किडनी जाऊ शकते.

सकाळचे आठ. आज लेव्हलचं, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजायचं, रक्त द्यायचंय, म्हणून टॅक्रोलिमसची कॅप्सूल अजून डब्यातच आहे. आधी गोळी घेतली तर लेव्हल चुकीची येते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. नळी भरली. आता पाणी, आणि कॅप्सूल.