अकराची घंटा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्षमहोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

'आमची वस्ती' या विषयावर मी पबविषयी बोलणार आहे, असे कळवले तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. सत्तरी ओलांडलेल्या, काठापदराची साडी नेसून येणाऱ्या बाईने दिवाळीच्या आठवणी सांगाव्यात, ही अपेक्षा रास्तच आहे. पण दिवाळीबद्दल सांगणारे इथे पुष्कळ आहेत, आणि लंडनमधल्या क्रिकलवुडच्या आमच्या कोपऱ्यावरच्या त्या पबबद्दल सांगणारी कदाचित मी एकटीच उरले आहे.

मी गिरगावात वाढले. तिथे दारू प्यायची तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना काढून, नाहीतर एखाद्या बोळातल्या 'आंटी'च्या अड्ड्यावर चोरून. 'परमिट रूम' म्हटले की आतले काही दिसू नये अशा काचांची खोली डोळ्यांसमोर येई, आणि तिच्यासमोरून जाताना आम्ही मुली आपोआप पावले उचलत असू. त्यामुळे १९७९ च्या शरद ऋतूत, लंडनला येऊन दोनच आठवडे झाले असताना, 'चल, कोपऱ्यावर जाऊन येऊ' असे माझे यजमान म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आमच्या घरात त्या पबला पुढेही कधी नाव मिळाले नाही. तो शेवटपर्यंत 'कोपरा'च राहिला.

कोपऱ्याला दोन दारे होती. एका दारातून पब्लिक बारमध्ये जाता येई. तिथे लिनोलियमची जमीन, डार्ट्सचा फळा आणि कामाच्या कपड्यांतली माणसे. दुसरे दार गालिचा घातलेल्या लाउंजमध्ये उघडे, आणि तीच बिअर तिथे काही पेन्सांनी महाग मिळे. या दोन दारांचा इतिहास मला फार उशिरा समजला. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात अनेक पबच्या चांगल्या खोलीत आपल्या माणसांना बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल आणि त्यांचे सहकारी फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना तिथल्या 'ब्लू गेट्स' या पबमध्ये घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही त्या खोलीत पेय नाकारून पब्लिक बारचा रस्ता दाखवण्यात आला. सार्वजनिक जागेतला असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. आम्ही त्यानंतर चौदा वर्षांनी आलो आणि सरळ गालिच्यावर जाऊन बसलो. हे दार आमच्यासाठी कोणीतरी ढकलून उघडलेले आहे, याची आम्हाला कल्पनाही नव्हती.

पब चालवणारे जोडपे आयर्लंडचे होते. मी अर्धा पिंट शँडी घेई, म्हणजे बिअर निम्मी आणि लेमनेड निम्मे, आणि ती दीड तास पुरवी. इथली बिअर कोमट असते, ही आपल्या लोकांची जुनी तक्रार. तळघरातल्या पिंपातून हातपंपाने ओढलेली ती बिअर प्रत्यक्षात बारा-तेरा अंश सेल्सिअसची असते, इतकेच. खाण्याच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा होती. शाकाहारी माणसाला बटाट्याचे काप आणि खारे शेंगदाणे यांपलीकडे काही मिळत नसे.

राउंडचा रिवाज समजायला आम्हाला वेळ लागला. आपल्याकडे हॉटेलात बिल आले की ते हिसकावून घेण्यासाठी ओढाताण होते आणि ज्याचा हात पुढे, त्याचा मान मोठा. इथे प्रत्येकाने आपली पाळी आली की उठून सर्वांसाठी आणायचे, बिल हा प्रश्नच उद्भवत नाही. माझे यजमान पहिल्या खेपेस तीन जणांकडून तीन पेले पाहुणचार समजून प्यायले, सर्वांचे मनापासून आभार मानले आणि घरी आले. पुढच्या शुक्रवारी शेजारचे जमैकाचे बस कंडक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "आभार नकोत, आज तुझी पाळी." त्या दोघांची मैत्री पुढे तीस वर्षे टिकली.

मी स्वतः काउंटरवर जाऊन राउंड मागवला तो नोव्हेंबर १९८२ मध्ये. फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो' या वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पेय मिळत नसे; त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसावे, असा नियम होता. दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि अपील न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. आम्ही हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत ती बातमी मोठ्याने वाचली. आमच्या कोपऱ्यावर मला कोणी कधीच अडवले नव्हते, अडवत होते ते माझ्यातले गिरगाव. त्या शुक्रवारी त्यालाही मी नमवले.

अकराला दहा मिनिटे कमी असताना पितळी घंटा वाजे, अकराला पुन्हा वाजे आणि मग पेला संपवायला काही मिनिटे मिळत. दुपारीही पब बंद ठेवावे लागत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनी शुद्धीवर राहावे म्हणून घातलेले ते बंधन १९८८ पर्यंत टिकले. अकरानंतर उघडी असत ती बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या मंडळींची 'इंडियन' रेस्टॉरंट्स. त्यांचा रात्रीचा बराचसा धंदा त्या घंटेवरच चाले. टाय सैल केलेले साहेब तिथे सर्वांत जहाल पदार्थ म्हणून विंदालू मागवत आणि डोळे पुसत खात. तो मूळचा गोव्यातला, पोर्तुगीजांच्या सिरका-लसणीतून आलेला डुकराच्या मांसाचा पदार्थ. इथे मात्र नावात 'आलू' ऐकू आला म्हणून त्यात बटाटा पडला!

नोव्हेंबर २००५ मध्ये कायदा बदलून अकराचे बंधन गेले, १ जुलै २००७ पासून आत धूम्रपान बंद झाले, सुपरमार्केटातली बिअर पबपेक्षा स्वस्त होतीच. पब बंद पडण्याची लोक ही कारणे सांगतात आणि ती खरीही आहेत. पण माझ्या मते कोपऱ्याचा घात केला तो जमिनीच्या भावाने. १९८९ च्या सरकारी आदेशानंतर मोठ्या बिअर कंपन्यांना आपले हजारो पब सोडावे लागले आणि ते ज्यांच्या हाती गेले, त्यांतल्या अनेकांना बिअरइतकाच रस भाड्यात आणि इमारतीत होता. किल्बर्नजवळचा 'कार्लटन टॅव्हर्न' एप्रिल २०१५ मध्ये परवानगीवाचून पाडण्यात आला. रहिवासी खवळले, नगरपालिकेने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडलाही. आमच्या कोपऱ्यासाठी आम्ही कोणी साधे पत्रसुद्धा लिहिले नाही. तो बंद झाला त्या वर्षी तिथे जाणे आम्हीच महिन्यातून एकदावर आणले होते, हेही सांगायला हवे.

आता तिथे फ्लॅट आहेत. लाउंजचे दार होते तिथे घंटीच्या बटणांची पाटी आहे, आणि ज्याने बोलावले असेल त्याचेच बटण दाबायचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये स्ट्रँडवरचे 'इंडिया क्लब' हे रेस्टॉरंट बंद झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण शेवटचा डोसा खाण्यासाठी रांगेत उभे होते. त्या रांगेत माझ्या मनात आले की लंडनमध्ये मला बोलावण्यावाचून जाता येत असे अशा दोनच जागा होत्या, आणि त्यांपैकी ही दुसरी. आपल्या मंडळात गणपती असतो, नाटक असते, आजच्यासारखा मेळावा असतो. पण प्रत्येक वेळी नाव नोंदवावे लागते आणि जेवणाचे पैसे आधी भरावे लागतात. सहज आले, कोपरखळी मारली, पाऊण तासाने उठून गेले, असे इथे करता येत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. दर शुक्रवारी सात ते अकरा हे सभागृह कार्यक्रमावाचून उघडे ठेवावे. बिअर नको असेल तर नसू दे. चहा मी करीन आणि कप धुण्याची पाळी राउंडप्रमाणे लावू. सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे कार्यवाहांनी मला जेवणाच्या वेळी सांगावे.